रॅम आणायला जाताना जुनी पट्टी सोबत न्या



मार्चअखेर आली की आपल्या प्रभागसंघाच्या ऑफिसात दोन गोष्टी तापतात. एक डोक्यावरचा पत्रा आणि दुसरा टेबलावरचा कॉम्प्युटर. सगळ्या ग्रामसंघांचे हिशेब एकदम येतात, एक्सेलच्या चार-पाच फाइली उघडलेल्या, बाजूला बँकेचं पान, आणि मध्येच एखादी ताई म्हणते, "माझ्या मुलीचा फॉर्म तेवढा भरून दे गं." मग ते मशीन असं बसतं की बस. बाण हलत नाही, अक्षर उमटत नाही. गेल्या वर्षी एकदा तर तासाभराचं कर्जवाटपाचं पान सेव्ह व्हायच्या आधीच गेलं आणि मी वहीवरून पुन्हा सगळं भरलं.

बैठकीत विषय निघाला. नवीन कॉम्प्युटर घ्यायचा तर मोठा खर्च. बाजारपेठेतला दुरुस्ती करणारा मुलगा म्हणाला, "ताई, रॅम वाढवा, पळायला लागेल." ठराव झाला, पैसे मंजूर झाले, आणि कोषाध्यक्षा मावशी आणि मी पुण्याला जायचं ठरलं. त्या फेरीत मी जी चूक केली ती तुमच्या ग्रामसंघाने करू नये म्हणून हे लिहिते आहे.

आधी रॅम म्हणजे काय ते सांगते. स्वयंपाकघरात कोठी असते आणि ओटा असतो. कोठीत वर्षाचं धान्य मावतं, पण पोळ्या लाटायच्या त्या ओट्यावरच. कॉम्प्युटरची हार्ड डिस्क म्हणजे कोठी, तिथे सगळ्या फाइली ठेवलेल्या असतात. रॅम म्हणजे ओटा. जी फाइल आपण उघडतो ती कोठीतून उचलून ओट्यावर येते. ओटा लहान असला की परात ठेवायला पातेलं खाली उतरवावं लागतं, पातेलं हवं तर परात उतरवावी लागते. मशीन अडखळतं ते या उचल-ठेवीमुळे. आणि वीज गेली की ओटा धुतल्यासारखा कोरा होतो. सेव्ह न केलेलं पान जातं ते म्हणूनच. रॅम वाढवली तरी हे बदलत नाही, तेव्हा सेव्ह करायची सवय सोडू नका.

पण ओटाच अपुरा आहे हे आधी खात्री करून घ्या. आम्ही सुदैवाने ती केली होती. कामाच्या ऐन गर्दीत, सगळ्या फाइली उघड्या असताना, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात मेमरी आणि डिस्क यांच्यापुढे टक्के दिसतात. मेमरी नव्वदच्या आसपास चढली असेल तर रॅम कमी पडते आहे. मेमरी पन्नास-साठवर निवांत आहे आणि डिस्क मात्र शंभरवर अडकली आहे, असं असेल तर रॅम आणून फारसा उपयोग नाही. तिथे जुनी फिरती हार्ड डिस्क बदलून एसएसडी बसवली तर फरक पडेल. आमच्याकडे २ जीबी रॅम होती आणि मेमरी ९४ टक्के, तेव्हा रोग स्पष्ट होता.

तर आम्ही भोरहून एसटीने स्वारगेटला उतरलो. तिथून मंडई मेट्रोने एकच स्टेशन. सप्टेंबर २०२४ मध्ये हा जमिनीखालचा टप्पा सुरू झाला, तेव्हापासून रस्ता ओलांडायची धास्ती गेली. मावशींना सरकता जिना नको होता, पण चढल्या.

वर आल्यावर ती जुनी दगडी मंडई दिसते, मधल्या उंच मनोऱ्याची. १८८६ साली बांधून झाली तेव्हा तिचं नाव गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून रे मार्केट होतं. जोतिराव फुले पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद होते तेव्हा या इमारतीवर पैसा घालायला त्यांनी विरोध केला होता. लोकांचा पैसा आधी शिक्षणाकडे जावा असं त्यांचं म्हणणं. आज मंडईला नाव त्यांचंच आहे. हे मी मावशींना सांगितलं तर त्या पिशवीतले मंजुरीचे पैसे चाचपून म्हणाल्या, "मग आपण पण नीट बघून घालू."

आणि मावशींनी खरंच नीट बघून घातले. त्यांना घरच्या कुकरची रिंग घ्यायची होती. तुळशीबागेच्या बाजूला भांड्यांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, कंपनी कुठली, किती लिटरचा, झाकण आतून बसतं की वरून. मावशींनी एक शब्द न बोलता पदराखालच्या पिशवीतून जुनी, कडक झालेली रिंग काढून काउंटरवर ठेवली. त्याने ती नव्या रिंगवर ठेवून बघितली, दिली. दोन मिनिटांत काम.

तिथून आम्ही चालत बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलो. नाव तपकीर, पण मिळतात वायरी, बल्ब, चार्जर, स्पीकर आणि असल्याच वस्तू. चिंचोळी गल्ली, दोन्हीकडे दुकानं, हातगाड्या, आणि मध्ये आपण. एका दुकानात मी म्हटलं, "चार जीबी रॅम द्या." त्याने एक पाकीट पुढे केलं. त्याने काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. पैसे दिले, पाकीट पर्समध्ये.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्या मुलाने कॅबिनेट उघडलं. पट्टी लांबीला अगदी जुन्या पट्टीएवढी. पण बसेना. त्याने अंगठ्याने जोर लावायला सुरुवात केली तशा मावशी ओरडल्या, "थांब रे बाबा! खाच बघ की आधी." त्यांनी दोन्ही पट्ट्या शेजारी धरल्या. सोनेरी दातांच्या ओळीत मध्ये एक छोटी खाच असते. जुन्या पट्टीची खाच एका जागी, नवीची थोडी सरकलेली. जोर लावला असता तर नुसती पट्टी नाही, आतला मदरबोर्डच गेला असता.

आमचा कॉम्प्युटर डीडीआर ३ चा होता आणि मी आणली होती डीडीआर ४.

रॅमच्या पिढ्या असतात. डीडीआर २, मग २००७ च्या सुमाराला डीडीआर ३, २०१४ पासून डीडीआर ४, आणि अलीकडच्या मशीनना डीडीआर ५. एका पिढीची पट्टी दुसऱ्या पिढीच्या जागेत बसत नाही, कारण प्रत्येकीची वीज वेगळी. डीडीआर ३ दीड व्होल्टवर चालते, डीडीआर ४ सव्वा व्होल्टच्याही खाली, १.२ वर. चुकून कोणी घालू नये म्हणूनच ती खाच मुद्दाम वेगळ्या जागी केलेली असते. नवीन पिढी आणली तर जास्त पळेल, असंही नाही. कुठली पिढी लागते ते मदरबोर्ड ठरवतो, आपण नाही.

मग आता तुमच्याकडच्या मशीनला काय लागतं ते कसं ओळखायचं? सगळ्यात खात्रीचा मार्ग मावशींचाच. जुनी पट्टी काढा आणि तिच्यावरचा कागद वाचा. त्यावर बारीक अक्षरात पीसी३ किंवा पीसी४ असं असतं आणि पुढे एक आकडा. आमच्या पट्टीवर होतं पीसी३-१२८००यू. यातला पीसी३ म्हणजे डीडीआर ३. १२८०० म्हणजे १६०० चा वेग, हा आकडा आठाने भागला की वेग मिळतो. आणि शेवटचं अक्षर सगळ्यात महत्त्वाचं, ते दुकानात कोणी सांगत नाही. यू असेल तर साध्या डेस्कटॉपची पट्टी. एस असेल तर लॅपटॉपची, ती लांबीला निम्मीच असते. आर असेल तर मोठ्या सर्व्हरची. कंपन्यांनी मोडीत काढलेल्या सर्व्हरच्या पट्ट्या बाजारात स्वस्तात येतात, डेस्कटॉपच्या जागेत बसतातही, पण साधं मशीन त्यावर चालू होत नाही. तेव्हा स्वस्त म्हणून हुरळून जाऊ नका. कधी पीसी३एल असंही लिहिलेलं असतं. ती कमी विजेवर चालणारी डीडीआर ३. साध्या डीडीआर ३ च्या जागी ती सहसा चालते. पण मशीनलाच एल लागत असेल तर साधी घालायची नाही.

पट्टी काढायची भीती वाटत असेल तर त्याच टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडा. विंडोज १० मध्ये तिथे वेग लिहिलेला असतो आणि किती जागांपैकी किती भरल्या आहेत तेही. वेग १३३३ किंवा १६०० असेल तर बहुतेक डीडीआर ३, २१३३ ते ३२०० मध्ये असेल तर डीडीआर ४, ४८०० किंवा पुढे असेल तर डीडीआर ५. 'डीआयएमएम' असं लिहिलेलं असेल तर लांब पट्टी, त्याच्या आधी 'एसओ' असेल तर आखूड. हे बघाच, कारण पडद्यातच सगळं सामावलेले ऑल-इन-वन आणि डब्याएवढे छोटे कॉम्प्युटर दिसायला डेस्कटॉप असले तरी त्यांना बहुतेकदा लॅपटॉपचीच आखूड पट्टी लागते.

एवढ्यावर थांबू नका. मशीन जास्तीत जास्त किती रॅम घेतं हेही बघायचं असतं. ओटा भिंतीपलीकडे वाढत नाही, तसंच. त्यासाठी मदरबोर्डचं नाव हवं. ते आत बोर्डावरच छापलेलं असतं. आमच्यावर एच६१ होतं. असल्या बोर्डावर सहसा दोनच जागा असतात आणि एका जागेत ८ जीबी, म्हणजे सगळे मिळून १६ जीबी, एवढी मर्यादा. दुकानात कोणी आग्रह केला तरी एका जागेत १६ ची पट्टी अशा बोर्डाला चालत नाही. कंपनीचा तयार कॉम्प्युटर असेल तर मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर फोटोत घ्या. त्या कंपनीच्या पानावर कुठली आणि किती रॅम चालते ते दिलेलं असतं.

आणि एक गोष्ट आम्ही थोडक्यात वाचलो ती. विंडोज ३२ बिटचं असेल तर ते ४ जीबीच्या वर रॅम वापरूच शकत नाही, त्यातलीही थोडी वाया जाते. तुम्ही ८ जीबी बसवा, नाहीतर १६. 'धिस पीसी'वर उजवं बटण दाबून प्रॉपर्टीजमध्ये गेलात की ३२ का ६४ ते लिहिलेलं दिसतं. आमचं ६४ निघालं.

हे सगळं कागदावर लिहून, जुनी पट्टी वर्तमानपत्रात नाही तर नव्या पट्टीच्या रिकाम्या पाकिटात ठेवून (वर्तमानपत्राने काही होईल असं नाही, पण तिथे हाताची आणि कागदाची घासाघीस नको) आम्ही पुन्हा पुण्याला गेलो. अर्धं तिकीट असलं तरी दिवस पूर्णच जातो. पहिल्या दुकानदाराने पाकीट फोडलंय म्हणून कुरकुर केली आणि दोनशे रुपये कापून बाकीचे परत दिले. ते दोनशे मी माझ्या मानधनातून भरले. मावशी नको म्हणत होत्या, पण ठराव रॅमचा होता, माझ्या घाईचा नव्हता.

दुसऱ्या दुकानात मी पट्टी काउंटरवर ठेवली. कुकरच्या रिंगसारखीच. तिथल्या माणसाने विचारलं, रिकामी जागा किती? दोन जागा, एक भरलेली, असं सांगितल्यावर तो म्हणाला की २ च्या जोडीला ४ घातली तर ६ होईल आणि चालेलही, पण ४ च्या दोन सारख्या पट्ट्या घेतल्या तर मशीन दोन्हीकडून एकदम काम घेतं. वेगवेगळ्या वेगाच्या पट्ट्या एकत्र घातल्या तर दोन्ही हळूच्या चालीने चालतात, बैलजोडीसारखं. मी तिथूनच अध्यक्षा ताईंना फोन लावला. वाढीव खर्च पुढच्या बैठकीत कायम करू, असं त्या म्हणाल्या आणि आम्ही दोन घेतल्या. वापरलेल्या निघाल्या, कारण डीडीआर ३ आता नवीन फारशी येत नाही. म्हणून दुकानातच त्याच्या मशीनवर लावून दाखवायला सांगितल्या. पक्कं बिल घेतलं, त्यावर पट्टीचं पूर्ण नाव आणि बदलून द्यायची मुदत लिहून घेतली. 'कॉम्प्युटर पार्ट, एक नग' असं मोघम बिल ऑडिटला चालत नाही आणि बदलायला गेलं तर दुकानातही चालत नाही.

याच दुकानात आणखी एक स्वस्त पट्टी होती, 'फक्त एएमडीसाठी' असं लिहिलेली. खाच बरोबर, डीडीआर ३ च, तरी आमच्या इंटेलच्या मशीनला ती चालली नसती. असंही असतं. प्रोसेसर कुठला ते कागदावर लिहून नेलेलं बरं.

बसवण्याबद्दल जास्त लिहीत नाही, पहिल्यांदा जाणकाराला समोर बसवूनच करा. पण ही काळजी तुम्हीच घ्या. भिंतीवरचं बटण बंद, प्लग उपसलेला, मग मशीनचं चालू करायचं बटण पाच-सहा सेकंद दाबून धरायचं, म्हणजे आत साठलेली वीज जाते. कॅबिनेटच्या लोखंडाला आधी हात लावायचा. हिवाळ्यात नायलॉनची साडी चटचट करते ना, ती वीज आपल्याला जाणवत नाही एवढी असली तरी पट्टीला मारू शकते. पट्टी कडांना धरायची, सोनेरी दातांना बोट नाही. आधी नुसती टेकवून खाच जुळते का बघायची आणि जुळली तरच दोन्ही टोकांवर अंगठ्याने सारखं दाबायचं. कट्ट आवाज होऊन बाजूच्या चिमट्या आपोआप मिटतात. खाच जुळल्यावर थोडा जोर लागतोच. न जुळता लागणारा जोर तो धोक्याचा.

चालू केल्यावर पडदा काळा आणि आतून बीप बीप आली तर घाबरू नका, बहुतेक वेळा पट्टी नीट बसलेली नसते. बंद करून, प्लग काढून पुन्हा बसवा. जुन्या पट्टीचे दात काळपट झाले असतील तर शाळेतल्या साध्या खोडरबरने हलके पुसून, चुरा झटकून लावतात. चालू झालं की टास्क मॅनेजरमध्ये पूर्ण आकडा दिसतो का ते बघा. मग एका रात्री 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' ही तपासणी लावून ठेवा. ती विंडोजमध्येच असते, वेगळे पैसे नाहीत. पट्टी सदोष असेल तर बदलायच्या मुदतीतच कळलेलं बरं. नाहीतर मध्येच निळा पडदा येतो आणि आपण उगाच व्हायरसला शिव्या देतो.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. आमचं मशीन जुनं आहे. त्यावरच्या विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला आणि विंडोज ११ ला एवढा जुना प्रोसेसर चालत नाही. म्हणून या रॅमवर आम्ही घातलेला पैसा दोन-तीन वर्षांच्या सोयीसाठी आहे. तुमचं मशीन आमच्याएवढंच जुनं असेल आणि त्याला रॅम, एसएसडी, की-बोर्ड असं सगळंच लागणार असेल, तर आधी बेरीज करा आणि मग बैठकीत ठेवा.

सध्या मात्र आमच्या मशीनवर मेमरी गर्दीच्या वेळी साठ टक्क्यांच्या आसपास राहते. यंदाचे मार्चअखेरचे हिशेब एकदाही न अडकता झाले. कॅबिनेटच्या आतल्या बाजूला मी एक कागद चिकटवला आहे: डीडीआर ३, १६०० वेग, ४ अधिक ४, जागा दोन, दोन्ही भरल्या, तारीख. पुढच्या लिपिकेला दार उघडलं की दिसेल.

जुनी २ जीबीची पट्टी चालू स्थितीत ऑफिसच्या कपाटात आहे. तिची साहित्य नोंदवहीत नोंद केली आहे. ज्या ग्रामसंघाच्या मशीनला डीडीआर ३ लागते आणि एक जागा रिकामी आहे, त्यांनी मासिक बैठकीला येताना आपली पट्टी किंवा तिच्या कागदाचा स्पष्ट फोटो आणावा आणि वहीत सही करून घेऊन जावी. खाच मावशी स्वतः बघणार आहेत.

— प्रभागसंघाची लिपिका